'पॅरा'ची वही: स्पेलिंग एक, घराणी तीन

इंग्रजी शब्दांची मुळं उपसर्गवार नोंदवायच्या माझ्या वहीत 'पॅरा'ची (para-) पानं बऱ्यापैकी भरली, म्हणून आतापर्यंतचा हिशेब मांडतो. ज्यांनी हा उपसर्ग अजून हातात घेतला नाही, त्यांनी वहीत सुरुवातीलाच तीन रकाने आखा.

पहिला रकाना ग्रीक 'पॅरा'चा. अर्थ शेजारी, बाजूला. त्यावरून पलीकडे आणि विरुद्धसुद्धा. पॅरलल म्हणजे एकमेकांच्या शेजारचे, पॅराडॉक्स म्हणजे रूढ मताच्या विरुद्ध जाणारं. ग्रीक हस्तलिखितांत विषय बदलला की ओळीच्या सुरुवातीला खाली एक आडवी रेघ मारत. पॅराग्राफ हे नाव त्या रेघेचं, मजकुराला ते नंतर चिकटलं. पॅरासाइटमधला 'सितोस' म्हणजे धान्य, अन्न. हा शब्द मुळात जंतूंचा नव्हेच, दुसऱ्याच्या पंगतीला बसून यजमानाची तोंडभर स्तुती करणाऱ्या आयतखाऊचा. ग्रीक विनोदी नाटकांत ते ठरलेलं पात्र असे. जीवशास्त्राने शब्द उचलला तो फार पुढे.

या रकान्यातला माझा लाडका शब्द मात्र पॅराफर्नेलिया. आज आपण तो सटरफटर सामान, सरंजाम अशा अर्थी वापरतो. 'फेर्ने' म्हणजे हुंडा. हुंडा नवऱ्याच्या ताब्यात जायचा. त्याखेरीज बायको स्वतःचं म्हणून जे आणायची ते 'पॅराफेर्ना', आणि रोमन कायद्यात त्यावर मालकी तिची. आपल्या स्त्रीधनाच्या अगदी जवळची कल्पना. इंग्लंडच्या कायद्यात ती कपडे-दागिन्यांपुरती आकसली आणि बोलीत तर नुसतं सामानसुमान उरलं. कायद्यातला हक्क असा अडगळीत जाऊन पडलेला दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही.

दुसरा रकाना इटालियन 'परारे'चा, म्हणजे अडवणं, बचाव करणं. ऊन अडवते ती पॅरासोल. आपल्या 'आतपत्र'ची, म्हणजे संस्कृतातल्या छत्रीची, घडण हुबेहूब हीच: 'आतप' म्हणजे ऊन, 'त्र' म्हणजे राखणारं. छातीला आडोसा देतो तो पॅरापेट, म्हणजे कठडा, त्यातला 'पेत्तो' म्हणजे छाती. पडणं अडवतं ते पॅराशूट. यातला 'शूट' फ्रेंच, पडणं या अर्थाचा, त्याचा बंदुकीशी काही संबंध नाही. नाव ठेवलं लुई-सेबास्तियन लनोर्मां या फ्रेंच माणसाने, १७८३ च्या सुमारास. कामशेतला चालतं ते पॅराग्लायडिंग पॅराशूटचंच पोर, म्हणून त्याच रकान्यात.

रकाना ठरवायचा तर शब्दाचा मागचा अर्धा भाग आधी सोडवा. ऊन, पाऊस, पडणं असं टाळायचं काही निघालं तर दुसरा रकाना. पॅरामेडिक मात्र दोन्हीकडे लिहावा लागला: रुग्णवाहिकेतला ग्रीक, आणि सैन्यात विमानातून उडी मारून जखमींपर्यंत पोचणारा पॅराशूटवाला.

तिसऱ्या रकान्यात सध्या एकटा पॅराडाइज. मूळ इराणी, अर्थ चहूबाजूंनी भिंत घातलेली जागा. त्यातला 'पइरि' म्हणजे आपला 'परि', भोवती या अर्थाचा. स्वर्ग या अर्थाचा अरबी-फारसीतला फिर्दौससुद्धा त्याचाच भाऊ. पॅराडाइज लवकरच त्याच अर्थाच्या ग्रीक 'पेरि'च्या पानावर हलवणार आहे, तिथे पेरिमीटर आणि परिमिती आधीच शेजारी बसलेत.

पॅराफिन यांपैकी कुठेच बसत नाही. लॅटिन 'पारुम' म्हणजे थोडं आणि 'अफिनिस' म्हणजे नात्यातला. हा पदार्थ इतर रसायनांशी सहसा संयोग पावत नाही म्हणून हे नाव. तो सुट्या कागदावर लिहून वहीत खोचून ठेवलाय.