घरून एक हालचाल आणा

१९८३ साली मी परळच्या एका शाळेत पाचवीत आले. मैदान म्हणावं असं काही नव्हतं, दोन इमारतींच्या मधली फरशी तेवढी होती. वर्गात आम्ही साठ मुलं. आधीच्या शाळेत पी.टी. म्हणजे दक्ष, विश्राम आणि एक-दोन-तीन-चार. लंगडीत मला कुणी आपल्या बाजूला घ्यायचं नाही.

इथे पी.टी.च्या बाईंनी पहिल्याच तासाला जिन्याच्या खालच्या पायरीवरून उडी मारायला सांगितली. कशी, ते दाखवलं नाही. म्हणाल्या, "आवाज न करता उतरा." धप्प धप्प सुरू झालं. "शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. पुन्हा." चार-पाच उड्यांनंतर चवडे आधी टेकू लागले, गुडघे वाकू लागले. मग त्यांनी विचारलं, "आता काय वेगळं केलंत?" गुडघा वाकला की शरीर थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून दणका कमी बसतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात फार उशिरा आलं. आमच्या पायांना ते आधीच कळलं होतं.

पावसाळ्यात वर्गातली बाकं भिंतीला लावून 'दादरचा पूल' व्हायचा. तीस जण इकडून, तीस जण तिकडून, आणि कुणाचा कुणाला धक्का लागता कामा नये. मध्येच बाई ओरडायच्या, "डोक्यावर पाटी आहे!" किंवा "गाडी सुटतेय!" समोरच्याचा खांदा बघून तो कुठे वळणार हे ओळखायचं, ही सवय मला तिथे लागली. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, पळणाऱ्याला मात्र कुठेही वळता येतं. सातवीत मी संघात आले ती वेगामुळे नाही. मी खांदे वाचायचे.

पुढे बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, नृत्य आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान वाचले. शरीर काय करतं, कुठे करतं, किती जोराने आणि वेगाने करतं, कुणाच्या सोबतीने करतं, या प्रश्नांतून ते हालचालीकडे बघायचे. इंग्लंडमध्ये त्यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचाही अभ्यास केला होता. बंकर आणि थॉर्प या क्रीडाशिक्षणाच्या दोन अभ्यासकांनी १९८२ साली मांडलं, की मुलांना आधी खेळू द्या, खेळाची गरज कळली की तंत्र द्या. बाईंनी यातलं काय वाचलं होतं, मी कधी विचारलं नाही. पण आता उन्हाळी शिबिरांत आठ वर्षांची मुलं एका चेंडूसाठी रांगेत उभी दिसतात, तेव्हा जीव तुटतो. एका ठिकाणी मी घड्याळ लावून बघितलं. अर्ध्या तासात एका मुलीच्या हाती चेंडू चारदा आला.

पाचवीच्या त्या वर्षी दिवाळीआधी बाईंनी गृहपाठ दिला, "घरून एक हालचाल आणा." कुणी आईचं कपडे पिळणं आणलं, कुणी काकांचं डबे भरलेलं खोकं डोक्यावर चढवणं. आमचे नाना गिरणीत सूतकताईला होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हापासून ते घरीच. दिवसभर गॅलरीत बसायचे, बोलायचे कमी. मी विचारलं तर म्हणाले, "ह्यात काय शिकायचं गो?" मग हळूच हात वर आला. सूत गुंडाळणारी चाती फिरतच असते, तुटलेला धागा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा, वर न्यायचा, अलगद जोडायचा, हात लगेच मागे. मोकळ्या हवेत त्यांनी तो धागा चार वेळा जोडला.

वर्गात मी ते केलं आणि सगळे जण माझ्यामागे करू लागले. बाईंनी त्या सगळ्या हालचाली गुंफून स्नेहसंमेलनात बसवल्या. नाना येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले, मागे भिंतीपाशी उभे राहिले. कार्यक्रम संपल्यावर बाईंजवळ गेले आणि म्हणाले, "दुसऱ्या ओळीतल्या पोराचा अंगठा उशिरा येतोय. धागा सुटेल त्याचा."

बाईंनी त्या मुलाला सोमवारी आमच्या चाळीत पाठवलं. एकटा नाही आला, सहा जण आले. नाना गॅलरीतून उठले आणि त्यांना रांगेत नाही, गोलात उभं केलं.