टॉवेल

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज सकाळी मामांनी खुर्चीवरचा पांढरा टॉवेल धुऊन आणला आणि दाराशीच थांबून विचारले, "बाई, हा आता कुठल्या खुर्चीवर टाकू?" त्यांच्या मनात काही नव्हते. टॉवेल विभागप्रमुखाच्या खुर्चीवर असतो, प्रमुख बदलले की तोही सरकणार, एवढाच त्यांचा सरळ हिशेब. मी समोरच्या टेबलाकडे हात केला आणि हजेरीपत्रकात डोके घातले. तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकले आहे, ते जेवणानंतरही खाली उतरलेले नाही.

सेवाज्येष्ठतेने प्रमुखपद मिळते हे आम्ही रुजू झालो तेव्हापासून ठरलेले होते. आता विभागातल्या मतांनी. बैठकीच्या इतिवृत्तात त्याला तीन ओळी पुरल्या. जिला मी घटनेचा पेपर शिकवला तीच निवडून आली, आणि बैठक संपल्यावर तिने वाकून नमस्कार केला, त्या नमस्काराने तर आणखीच... असो.

उद्या न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या पद्धती शिकवायच्या आहेत, म्हणून संध्याकाळी टिपणे काढायला बसले आणि नेमकी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची पाने वर आली. शर्ली अब्राहमसन. दर वर्षी मी ही बाई दहा मिनिटांत उरकते: इंडियाना विद्यापीठात 1956 साली कायद्याच्या वर्गात पहिली, तरीही स्त्री म्हणून वकिली पेढीत काम मिळणे कठीण, ग्रंथपालाची जागा मिळाली तर मिळेल, असे अधिष्ठात्यांनीच ऐकवलेले, मग मॅडिसनमध्ये वकिली, विद्यापीठात अध्यापन, आणि 1976 साली गव्हर्नर लुसी यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात केलेली नेमणूक. सात न्यायाधीशांत एकटी स्त्री, आणि पुढची सतरा वर्षे एकटीच. तिथे न्यायाधीशाला दर दहा वर्षांनी मतदारांपुढे जावे लागते. ती चार वेळा गेली आणि चारही वेळा निवडून आली. राज्याच्या स्वतःच्या घटनेने नागरिकाला केंद्रीय घटनेपेक्षा जास्त संरक्षण द्यायला हरकत नाही, हा तिचा आवडता मुद्दा. तो मी विद्यार्थ्यांकडून परीक्षेसाठी पाठ करून घेते.

आज मात्र मी 2015 या सालापाशीच अडकून बसले. 1889 पासून तिथे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश आपोआप मुख्य न्यायाधीश होत असे, आणि त्या नियमाने ती 1996 पासून मधल्या खुर्चीवर होती. एप्रिलमध्ये सार्वमताने घटनादुरुस्ती झाली: यापुढे मुख्य न्यायाधीशाची निवड सहकारी करतील. निकाल अधिकृत झाला त्याच दिवशी सहकाऱ्यांनी ई-मेलवर मते देऊन पेशन्स रॉगेनसॅक यांना निवडले. ई-मेलवर! आमच्याकडे निदान चहा-बिस्किटे होती.

तिने फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात दावा लावला होता. म्हणणे असे, की नियम बदला, पण माझी मुदत 2019 मध्ये संपेल त्यानंतर लागू करा. हे वाचले आणि मी ड्रॉवर उघडला. प्राचार्यांच्या नावे परवा रात्री लिहिलेल्या माझ्या अर्जात "सदर बदल पुढील रिक्त पदापासून अंमलात आणावा" असे वाक्य आहे, आणि त्याखाली मी दोनदा रेघ मारली आहे. अर्ज लिहिताना मला वाटले होते की मी तत्त्वासाठी भांडते आहे. तिलाही तसेच वाटले असेल का? की तिलाही कोणी तिकडचा मामा टॉवेल घेऊन विचारायला आला होता? दावा जुलैअखेर फेटाळला गेला, अपील तिने नोव्हेंबरात सोडून दिले.

वर्गात टाळ्या मिळतात त्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना. ज्येष्ठता डावलून 1977 साली बेग यांना सरन्यायाधीश केले, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला. ती गोष्ट सांगताना माझाही आवाज चढतो. दुपारी राजीनाम्याचे वाक्य माझ्याही मनात तयार झाले होते, आणि ते बरे जमलेही होते. पण खन्नांनी राजीनामा दिला त्याआधीच्याच वर्षी, आणीबाणीत अटक झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल की नाही या जबलपूर खटल्यात, एकट्याने भिन्नमत लिहिले होते. माझ्या नावावर काय आहे? बारा वर्षांचे वेळापत्रक आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. शिवाय निवृत्तिवेतनाला अडीच वर्षे उरली आहेत, हे ह्यांनी जेवताना एकदाच सांगितले आणि मग ताकाची वाटी पुढे सरकवली.

शर्लीबाई गेल्या नाहीत. एक्क्याऐंशीव्या वर्षी मधली खुर्ची गेली आणि त्या आणखी चार वर्षे त्याच न्यायालयात बसून भिन्नमते लिहीत राहिल्या. 2018 मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यावरही त्यांनी मुदत पुरी केली. त्या वर्षी सातांपैकी पुरुष एकच उरला होता. हे मी वर्गात कधी सांगितलेच नाही, कारण तोवर दहा मिनिटे संपलेली असतात.

मला राहून राहून एकच प्रश्न पडतो: खुर्ची गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दालनात शिरल्या तेव्हा आपसूक मधल्या जागेकडे वळल्या असतील का? मी आज वळले होते. दोन पावले गेल्यावर लक्षात आले, म्हणून खिडकी लावायचे निमित्त केले.

खिडकी आधीच लावलेली होती. नव्या प्रमुखांनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत.

अर्ज अजून ड्रॉवरमध्येच आहे. माझ्या नव्या खुर्चीची वेताची जाळी डाव्या बाजूने उसवलेली आहे, म्हणून उद्या घरून उशी न्यायची आहे. ती निळी, जिच्या अभ्र्यावर आईने मोर काढला होता. आणि दहा मिनिटांऐवजी पूर्ण तास विस्कॉन्सिनला द्यायचा आहे. अभ्यासक्रम मागे पडेल, तो आता प्रमुखांनी पाहावा.