सावली एकच, शब्द दोन

आज संध्याकाळच्या इंग्लिश क्लासात एका ताईंनी वाक्य केलं, "आय सॅट इन द शॅडो ऑफ अ ट्री." चूक समजावताना मीच अडखळलो. आपली सावली एकच ना! झाडाखाली बसतो ती सावली, भिंतीवर हलते तीही सावलीच. शेवटी सगळ्यांना गच्चीवर नेलं. उतरतं ऊन होतं. टाकीच्या आडोशाला उभं राहिलं की ऊन लागत नाही, ती शेड. आणि उन्हात आलं की फरशीवर आपल्या आकाराची लांबलचक काळी आकृती पडते, ती शॅडो.

हिअर-लिसन मात्र दोन मिनिटांत झालं, कारण 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' मराठीत आहेच. "आमच्या ह्यांना हिअर होतं, पण ते लिसन करत नाहीत," मागच्या बाकावरून आलं. मला यापेक्षा चांगलं उदाहरण सुचलं नसतं.

बॉरो-लेंडने घाम काढला. आपलं घेतलं तरी उसनं, दिलं तरी उसनंच. वाटीभर साखर मागणारी बॉरो करते, देणारी शेजारीण लेंड करते, असं तीनदा सांगितलं. निघताना एकीने विचारलं, "सर, कॅन यू बॉरो मी युवर पेन?"

दिलं. शनिवारी मागून घेईन.