आजीचं वजन आणि टीएसएच ६.८

पंचाहत्तरीच्या आजीचं वजन वाढलं, तालुक्याच्या लॅबमध्ये टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी मंदावली की ते चढतं) ६.८ निघाला, की घरचे ‘थायरॉइड झाला’ म्हणून मोकळे होतात. जरा थांबा. वयासोबत टीएसएच आपोआप थोडा चढतो. रिपोर्टवर छापलेली ४-४.५ ची मर्यादा सहसा सगळ्या मोठ्यांसाठी एकच असते, वय पाहून बदलत नाही. सत्तरीनंतर ६-७ आला आणि फ्री टी-४ (थायरॉइड ग्रंथीनं बनवलेलं रक्तातलं संप्रेरक) ठीक असेल, तर बहुतेकदा औषधाची गरज नसते. आजारपणातून उठल्यावरही तो काही दिवस चढलेला राहतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करा. २०१७ साली पासष्टीपुढच्या ७३७ जणांवरचा युरोपातला अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा किंचित वाढलेल्या टीएसएचला वर्षभर थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) देऊनही थकवा कमी झाला नाही. टीएसएच १० च्या वर टिकला, तर गोष्ट वेगळी.

खरा थायरॉइड मंदावला तरी वजन साधारण दोन ते चार किलोच वाढतं, तेही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. आठ-दहा किलो वाढले असतील तर गुडघ्यांकडे पाहा. ते दुखतात म्हणून वावरात जाणं सुटलं, भाकर मात्र तेवढीच राहिली.

वजन उतरवायला गोळी वाढवणं तर घातकच. जास्त डोसनं काट्यावरचा आकडा उतरतो, पण त्यासोबत स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, नाडी अनियमित होते.

उलटी खूण कोणी धरत नाही: बांगड्या सैल पडल्या, भूक मेली, आजी गप्प गप्प राहते. म्हातारपणी थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी हात थरथरतीलच असं नाही. ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, नाडी आणि टीएसएच दोन्ही तपासून घ्या.

गोळी सुरू झालीच तर हृदयाचा त्रास असणाऱ्याला १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम, लोहाची गोळी चार तासांनी. कणकेत सोयाबीन दळून घालत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं गोळी कमी शोषली जाते. मे महिन्यात टिनाखालच्या फळीवर बाटली ठेवली तर औषधाचा जोर उतरतो. थंड म्हणून माठाशेजारीही नको, तिथं ओल लागते. आतल्या खोलीतलं खालचं कपाट बरं.