२१ दिवसांचा हिशोब सोडा हो

'२१ दिवस सलग करा, सवय लागते' हे इतक्या ठिकाणी ऐकलेलं असतं ना, की बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस स्वतःलाच बोल लावतो, माझ्यात चिकाटीच नाही म्हणतो आणि सोडून देतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दोष त्याचा नसतोच.

हा आकडा मुळात मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचा, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडून तो 'किमान' गळालाच!

खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. ९६ जण, प्रत्येकाने एकच सवय निवडायची, तीही रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडून, आणि १२ आठवडे नोंद ठेवायची. विचार न करता आपोआप व्हायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा, पण माणसागणिक फरक बघा, १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज! पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तरी फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं हे आपण उगाच करतो.

म्हणून माझं सांगणं असतं, वेळ ठरवू नका, 'कशानंतर' ते ठरवा. दात घासून झाले की दोन पानं वाचायची. लॅपटॉप बंद केला की उद्याचं एकच काम लिहून ठेवायचं. घड्याळातली वेळ हुकते, पाहुणे येतात, मीटिंग लांबते, पण दात घासायचे काही राहत नाहीत. आणि सवय एवढी छोटी ठेवा की ताप असतानाही जमेल, मोठं टार्गेट उत्साहाच्या दिवशीच झेपतं आणि तसे दिवस महिन्यात असतात तरी किती.

वाढवायचं कधी, हे बरेच जण विचारतात. न वाचता आडवं झाल्यावर काहीतरी राहिलंय असं वाटायला लागलं की. तोपर्यंत दोन पानं म्हणजे दोनच, मग पुस्तक कितीही रंगात आलेलं असू दे.