कासवाचा कान, ब्रेडबोर्डवर: सहावा आठवडा

आवाजातले सूर वेगवेगळे ओळखणारा कान घरी बनवायचा खटाटोप चालू आहे. हॅकसॉच्या पात्यांचा कान मोडीत काढला. लहान-मोठ्या पात्या ओळीने लावून स्पीकरने थरथरवायच्या, म्हणजे आपल्या आतल्या कानातला ३५ मिलिमीटरचा पडदा (बेसिलर मेम्ब्रेन; बाहेरून दिसतो तो कानाचा पडदा नव्हे) होईल, असा बेत होता. तो पडदा सुरुवातीला अरुंद आणि ताठ, टोकाला रुंद आणि सैल. त्यामुळे बारीक आवाज अलीकडे, खर्ज पलीकडे. पण माझ्या पात्या टेबलालाच गदागदा हलवायच्या.

मग कासव सापडलं. १९८१ साली क्रॉफर्ड आणि फेटिप्लेस यांनी दाखवलं की लाल कानाच्या कासवात प्रत्येक केसपेशी (आतल्या कानातली आवाज टिपणारी पेशी) स्वतःच विजेने एका सुरावर जुळलेली असते. (याच कासवांची पिल्लं आपल्या क्रॉफर्ड मार्केटात विकायला असायची. योगायोग, दुसरं काही नाही.) पेशीचं व्होल्टेज चढलं की कॅल्शियम आत येतं, त्याने पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि व्होल्टेज खाली ओढलं जातं. पण जरा उशिराने. त्या उशिरामुळे ते गरजेपेक्षा खाली जातं, परत वर येतं, झोके घेतं. वाटा जास्त आणि चपळ, तर सूर उंच.

उशिराने येणारा प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत कॉइल! इथे मी रात्री दोनला उठून बसलो. १० हेन्रीची कॉइल लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मागितली तर दुकानदार वीटच हातात देईल. पण गायरेटर, म्हणजे कॉइलचं सोंग घेणारं सर्किट, आहे ना: एक ऑपअॅम्प (अॅम्प्लिफायरची चिप), १ किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर; झाले १० हेन्री. समांतर आणखी १०० नॅनोफॅरड लावला की तेही झोके घेतं, सूर १५९ हर्ट्झ. १०० किलोच्या जागी २५ किलो, तर ३१८. म्हणजे तो एक रेझिस्टर हीच माझ्या पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटांची संख्या. अशा आठ पेशी म्हणजे आठ चॅनेल, प्रत्येकाचा सूर आला की त्याचा एलईडी पेटतो. आठही चॅनेलना तिथे प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकलाय.

पहिल्या चाचणीत १५९ ऐवजी १८९ आले. दिवसभर सर्किटला शिव्या घातल्या. दोष स्वस्तातल्या सिरॅमिक डिस्क कपॅसिटरचा. १०४ (म्हणजे १०० नॅनोफॅरड) छापलेले, मोजले तर ८४ नॅनोफॅरड. पॉलिएस्टर घेतल्यावर १५७. मोजून घ्या रे, दुकानातच.

दुसरी गंमत, १०० हर्ट्झचा एलईडी विझेचना. ५० हर्ट्झची वीज रेक्टिफायरमधून गेली की घरघर १०० ची होते, हे माहीत असूनही अॅडॉप्टर वापरला होता. आता ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या.

आजीने विचारलं, "कासवाला कान असतात?" बाहेर दिसत नाहीत, म्हटलं, पण साधारण ३० ते ६०० हर्ट्झ ऐकू येतं. काल समोरच्या मैदानात ढोलपथकाचा सराव होता. खिडकीत माइक धरला. खालचे दोन एलईडी ठोक्यागणिक पेटत होते, ताशाला मात्र जेमतेम लुकलुक. आजी म्हणाली, "बरंय त्याचं."

आठवा चॅनेल, ५६० हर्ट्झचा, अजून वाजतच राहतो. प्रीसेट बदलून पाहतो शनिवारी.