बांधावरची रानतूर

चोपडा, शिरपूर करत शहाद्याला पोचलो, कटिंग मारली आणि म्हसावद मागे टाकून गाडी धडगावच्या घाटाला लागली. सोबत दोघं. एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, कॉलेजचं वनस्पती उद्यान सांभाळणारे. दुसरे तुरीवर काम करणारे कृषी संशोधक. भरताचं वांगं बामणोदचं चांगलं की आसोद्याचं, यावर दोघांचं घाटभर जुंपलेलं. (जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१६ सालीच मिळालाय, पण तो अख्ख्या जळगावच्या नावानं, त्यामुळे वाद मिटत नाही.)

डोंगरातल्या पावरा आदिवासी घरात चुलीच्या वर मक्याची कणसं टांगलेली होती: पांढरी, पिवळी, एक जवळजवळ काळं. धुरानं बियाण्याला कीड लागत नाही. धडगाव भागात बायफ या संस्थेनं शेतकऱ्यांना घेऊन मका-ज्वारीच्या गावरान वाणांच्या बियाणे बँका उभारल्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत तर बी उणे १८ अंशांत राहतं. कणसाला वाली आहे.

बांधावरच्या रानतुरीला नाही. कुंपणावर चढलेली बारीक वेल, तीन-तीन पानं, बोटाच्या पेराएवढ्या शेंगा आणि त्यांवर दाट लव. ही लव शेंगा पोखरणाऱ्या अळीला नडते, म्हणून तूरवाल्यांचा हिच्यावर डोळा. गुजरातच्या जीटीएच-१ या संकरित तुरीतलं नरवंध्यत्व (फुलात कामाचे परागकणच न धरणं, त्यामुळे संकर सोपा होतो) हिच्याकडूनच आलेलं.

संशोधक पिकल्या शेंगा तोडायला सरसावले, तसं सरांनी अडवलं. "आधी ओळख पटवायला फुलासकट फांदी कागदात दाबून वाळवायची. नाहीतर उद्या बी कशाचं, कोण सांगणार?"

"आणि तुमच्या उद्यानात चारच वेली लावणार ना? एवढ्या डोंगरातली विविधता चार वेलींत मावते होय?"

"तुमच्या फार्मवर तर हिला तण म्हणून खुरपतील!"

दोघंही बरोबर होते. शेवटी ठरलं: बी शक्य तितक्या वेगवेगळ्या वेलींवरून, पण पाचव्या हिश्श्याहून जास्त नाही, ते जनुकपेढीकडे. जिवंत वेली उद्यानात. आणि दाबलेली फांदी, बियांचं पाकीट, उद्यानातली पाटी, तिन्हींवर एकच क्रमांक. मला विचाराल तर खरं काम या क्रमांकातच आहे. तो नसला की एकाचं बी दुसऱ्याला निनावी.

पाकिटं भरेपर्यंत शेतमालक काठी आडवी धरून बकऱ्या थोपवत उभा होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, आता सोडू का यांना? रोज हेच तर खातात."